रत्नागिरीत बसून इंटरनॅशनल लॉ चा अनुभव मिळतो का? मिळतो, पण सुरुवात जेटीवरून करायची

आधी प्रश्न काय होता ते सांगते. गुहागरकडची मुलगी आहे, रत्नागिरीत तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. वडील शिपवर होते, आता रिटायर होऊन घरी. ती लिहिते की मॅडम, मला इंटरनॅशनल लॉ मध्ये काम करायचंय पण आमच्याकडे मूटची, म्हणजे खोटा खटला लढवायच्या स्पर्धेची, टीमच नाही, आणि सर म्हणतात ते दिल्ली-बंगलोरच्या एनएलयूवाल्यांचं (राष्ट्रीय विधी विद्यापीठवाल्यांचं) काम, तू पेपर काढ आणि इथे दिवाणीला लाग. हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टांची किंवा युएनची इंटर्नशिप मिळायला काय करावं लागतं, आणि तोपर्यंत इथे बसून काही करता येतं का?

बाय, तुझे सर अर्धे बरोबर आहेत. हेग वगैरे ठिकाणी मोठ्या कॉलेजांची नावं जास्त दिसतात, ते खरंच आहे. पण कारण हुशारी नाही. तिथे सिनियर असतात, ते सांगतात की फॉर्म कधी निघतो, कुठल्या प्रोफेसरचं पत्र लागतं. म्हणजे माहितीचा फरक आहे, आणि ती भरून काढता येते. मी वकिलीत २२ वर्षं काढलीत, त्यातली पहिली बारा मुंबईत बॅलार्ड इस्टेटला शिपिंगच्या ऑफिसात आणि नंतरची इथे, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. माझं म्हणणं एकच आहे, तू हेगपासून मागे येऊ नको, आपल्या मिरकरवाड्याच्या जेटीपासून पुढे जा. इंटर्नशिप देणारी माणसं बघतात ते एवढंच, की हिच्यासमोर एखादी घडलेली गोष्ट ठेवली तर ती त्यातून कन्व्हेन्शनच्या (म्हणजे देशादेशांतल्या कराराच्या) बरोबर त्या कलमापर्यंत पोचते का आणि ते दोन पानांत लिहू शकते का. आणि अशा गोष्टी दिल्लीच्या पोरांना पुस्तकात शोधाव्या लागतात, आपल्याकडे त्या किनाऱ्याला येऊन लागतात.

अगदी शब्दशः सांगते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसलं, तू लहान असशील पण बघितलं असशीलच, कितीतरी वर्षं लोक तिथे जाऊन सेल्फी काढत होते. आता वकील म्हणून त्याच्याकडे बघ. झेंडा कुठल्या देशाचा, म्हणजे रजिस्टर कुठे आहे? मालक कोण? विमा होता का? जहाज हलवायचा खर्च कोणी करायचा? यासाठी २००७ चं नैरोबी रेक रिमूव्हल कन्व्हेन्शन आहे, ते २०१५ पासून लागू आहे आणि भारत त्यात आहे, ३०० ग्रॉस टन किंवा त्यावरच्या जहाजांना विम्याचं सर्टिफिकेट बाळगायची सक्ती त्यात आहे. पोरं इथवर येतात आणि खूश होऊन थांबतात. पण मेख पुढे आहे. हे कन्व्हेन्शन मुळात किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतच्या ईईझेडसाठी, म्हणजे देशाच्या खास आर्थिक हक्काच्या समुद्रपट्ट्यासाठी, केलेलं आहे, स्वतःच्या १२ मैलांच्या आत किंवा किनाऱ्यावर ते लावायचं असेल तर त्या देशाने तसं मुद्दाम कळवावं लागतं. मिऱ्याचं जहाज तर वाळूत रुतलेलं! मग भारताने तसं कळवलं होतं का, आणि नसेल तर मग आपला कुठला कायदा उरतो? आयएमओच्या, म्हणजे युएनच्या जहाजवाहतुकीच्या संस्थेच्या, साईटवर सगळ्या कन्व्हेन्शनची स्टेटस लिस्ट असते, मोठी पीडीएफ आहे, त्यात प्रत्येक देशाची डिक्लरेशन्स दिलेली असतात. हा तुझा पहिला होमवर्क. दोन पानं लिही, मला पाठव, मी लाल पेनाने वाचते.

असं एक काम आमच्या ऑफिसात झालं ते जरा तपशिलात सांगते, कारण "अनुभव" म्हणजे काय ते त्यावरून कळेल. मागे एकदा गणपतीच्या आठवडाभर आधी शेजारच्या गावातली एक बाई आली, मुलगा ऑईलर (इंजिनरूममधला खलाशी) म्हणून एका छोट्या टँकरवर, आखातातल्या एका बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं, पाच महिने पगार नाही, मालक फोन उचलत नाही, जेवायला भात आणि डाळ, पाणी मोजून. एजंटने भरतीचे पैसे घेतलेले. (खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायला बंदी आहे, तरी घेतात, आणि त्या एजंटकडे शिपिंग महासंचालनालयाचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्सही नव्हतं, पण ते दुसरं प्रकरण.) तेव्हा चिपळूणची एक विद्यार्थिनी माझ्याकडे इंटर्न होती. तिने पहिला ड्राफ्ट केला त्यात दोन पानं त्याच्या हालअपेष्टा, आईचे अश्रू, सणाचे दिवस, असं सगळं. मन लावून लिहिलेलं होतं पण कामाचं नव्हतं. मी म्हटलं हे पत्र विमा कंपनीच्या टेबलावर जाणार आहे, तिथल्या माणसाला अश्रू नकोत, कलम पाहिजे.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्या मुलाला विचारलं की तुमच्या मेसमध्ये किंवा अलीवेत (जहाजातल्या बोळात) भिंतीवर कागद लावलेले असतील त्यांचे फोटो काढून पाठव. २००६ चं मेरीटाईम लेबर कन्व्हेन्शन आहे ना, त्यात २०१४ च्या दुरुस्तीने असं आलं की खलाशांना मालकाने वाऱ्यावर सोडलं तर त्यासाठी आर्थिक हमी असली पाहिजे आणि तिचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलं पाहिजे. पहिला फोटो हलला होता, दुसऱ्यात टॉर्चचा उजेड पडून मधलंच गायब, तिसऱ्यात विमा कंपनीचं नाव, मुदत आणि चोवीस तास चालू असणारा नंबर स्पष्ट आला. तो मुलगा सात महिने रोज त्या कागदासमोर बसून जेवत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा कागद म्हणजे तुझा पगार आहे.

पुढचं सोपं झालं. स्टँडर्ड ए २.५.२ मध्ये "वाऱ्यावर सोडणं" कशाला म्हणायचं ते तीन प्रकारे दिलंय: घरी पाठवायचा खर्च न देणं, जगायला लागणारं खाणंपिणं-पाणी-औषध न पुरवणं, किंवा संबंधच तोडून टाकणं, ज्यात किमान दोन महिने पगार न देणंही आलं. तिघांपैकी एक बसलं तरी पुरतं, इथे तिन्ही बसत होती. चिपळूणच्या मुलीने दुसरा ड्राफ्ट दीड पानात केला, तारखा, करारातला पगाराचा आकडा, फोटो, कलम. प्रत झेंड्याच्या देशाला, शिपिंग महासंचालनालयाला, आपल्या दूतावासाला आणि आयटीएफ म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय युनियनला. मुलगा अनंत चतुर्दशीनंतर आला. पैसे चार महिन्यांचे मिळाले, कारण हमीची मर्यादाच चार महिन्यांची आहे, पाचवा महिना अजून यायचाय आणि खरं सांगायचं तर येणार नाही.

आता बघ, यात झेंड्याचा देश एक, मालक दुसऱ्या देशातला, जहाज तिसऱ्याच्या पाण्यात, विमा चौथ्या देशात आणि खलाशी गुहागर तालुक्यातला. याच्यापेक्षा जास्त इंटरनॅशनल लॉ हेगला तरी काय मिळणार? त्या मुलीने नावं आणि जहाज काढून टाकून या विषयावर दोन पानांची नोट केली आणि पुढे मुंबईत एका शिपिंग फर्मला अर्ज करताना ती जोडली. इंटरव्ह्यूत तिला मार्क कोणी विचारले नाहीत, पाचव्या महिन्याचं काय झालं ते विचारलं. नावं काढणं हे फार महत्त्वाचं, अशिलाचं प्रकरण स्टेटसला टाकायचं नसतं, सीव्हीतही नाही, एकीने टाकलं होतं आणि मला माफी मागत फिरावं लागलं.

माझं स्वतःचं सांगू? मी तुझ्याएवढी असताना तीस-पस्तीस ऑफिसांना एकच पत्र झेरॉक्स करून पाठवलं होतं, "आय अ‍ॅम डीपली इंटरेस्टेड" वगैरे. एकाचं बोलावणं आलं. त्या सरांनी बसवलं आणि विचारलं, पनामाचा झेंडा, ग्रीक मालक, फिलिपिनो खलाशी, जहाज मुरगावला उभं, पगार थकलाय, कायदा कुठला? मी ठणकावून म्हटलं भारताचा, कारण जहाज इथे आहे. ते म्हणाले अर्ध बरोबर, उरलेलं अर्ध सोमवारी घेऊन या. सोमवारपर्यंत मी एमव्ही एलिझाबेथचा निकाल वाचून काढला, आणि तेव्हाच लागले या कामाला.

तो निकाल तूही वाच, आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत ते जहाज मुरगाव बंदरातून माल घेऊन निघालं, पण शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, पाहिजे तसं बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती) दिलंच नाही, गोव्यातल्या शिपरने नंतर ते विशाखापट्टणमला आलं तेव्हा अटक करवलं. मालक परदेशी, म्हणणं असं की तुमच्या हायकोर्टाला अधिकारच नाही, तुमचे जहाजांच्या दाव्यांचे म्हणजे अ‍ॅडमिरल्टीचे कायदे ब्रिटिशांनी १८६१ आणि १८९० मध्ये केलेले, त्यात हे बसत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये सांगितलं की अधिकार आहे. आणि वाचण्यासारखं हे की कोर्टाने १९५२ च्या जहाज-अटकेच्या ब्रसेल्स कन्व्हेन्शनचा आधार घेतला, जे भारताने स्वीकारलेलंच नव्हतं! म्हणजे सही न केलेला करारही आपल्या कोर्टात कसा उपयोगी पडतो ते इथे दिसतं, परीक्षेत "इंटरनॅशनल लॉ अँड म्युनिसिपल लॉ" म्हणून जो रटाळ टॉपिक येतो तो इथे जिवंत होतो. आता २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू, त्यात खलाशाच्या पगाराला जहाजावरचा पहिला हक्क दिलाय, बाकीचे असे हक्क एका वर्षात संपतात, पगाराचा दोन वर्षं टिकतो. हे पाठ करून ठेव, गावात कोणी ना कोणी विचारतंच.

इतिहासाची आवड असेल तर आणखी एक. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते हे आपल्याकडे पोराटोराला माहीत असतं, पण मार्सेलिसच्या उडीवर हेगच्या परमनंट कोर्ट ऑफ आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे लवादात, फ्रान्स विरुद्ध ब्रिटन असा खटला चालला हे लॉच्या मुलांनाही माहीत नसतं. जुलै १९१० मध्ये मोरिया बोटीतून ते निसटले, फ्रेंच शिपायाने किनाऱ्यावर धरून ब्रिटिशांच्या हवाली केलं, फ्रान्स म्हणालं आमच्या जमिनीवरून नेलात, परत करा. २४ फेब्रुवारी १९११ चा अ‍ॅवॉर्ड म्हणतो की हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैदी परत देण्याची सक्ती करणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. अ‍ॅवॉर्ड पंधरा मिनिटांत वाचून होतो. राजकारण बाजूला ठेवून वाच, आणि मग एक पान फ्रान्सच्या बाजूने आणि एक ब्रिटनच्या बाजूने लिही. मूट म्हणजे हेच असतं, दुसरं काही नाही.

मूटवर आलेच आहे तर. सगळ्यात जुनी आणि नावाजलेली म्हणजे जेसप, १९६० पासून चालू आहे, दोन काल्पनिक देशांचा वाद आयसीजेपुढे, म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे, आहे असं धरून भांडायचं. टीम दोन ते पाच जणांची. साधारण सप्टेंबरात प्रॉब्लेम येतो, जानेवारीत दोन्ही बाजूंची मेमोरियल (लेखी युक्तिवाद) द्यायची, मग भारतातल्या राऊंड्स आणि त्यातून वर आलेले वॉशिंग्टनला. तुमच्या कॉलेजात टीम नाही ही अडचण आहे, पण दुसऱ्या बाजूने बघ, कॉलेजची एकच टीम जाऊ शकते, तिकडे मोठ्या कॉलेजात त्या जागेसाठी शंभर जणांत मारामारी असते आणि तुझ्याकडे मैदान मोकळं आहे. दोन मैत्रिणी आणि सही करणारे एक सर एवढंच पाहिजे. फी आणि प्रवासाला पैसे लागतात, माजी विद्यार्थी वकिलांकडे जा, बाररूममध्ये टोपी फिरवायला लाजू नको, आम्ही चहाला जेवढे घालवतो त्यात एक मेमोरियल छापून होतं. पहिल्या वर्षी हरणारच आहात. आमच्या ओळखीतल्या एका टीमला पहिल्याच राऊंडला जजने विचारलं की हा प्रथागत नियम आहे याला पुरावा काय, देशांची वागणूक दाखवा, आणि स्पीकर दीड मिनिट नुसती पानं उलटत राहिली. दुसऱ्या वर्षी तीच मुलगी तोच प्रश्न यायची वाट बघत होती.

जेसप झेपत नसेल तर आयसीआरसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या, दिल्ली ऑफिसची हेन्री ड्युनांट मूट आहे, युद्धाच्या कायद्यावर. मेरीटाईम लॉ आर्बिट्रेशनची वेगळी इंटरनॅशनल मूट असते, ती तुझ्यासारखीला जास्त जवळची, पण खर्चिक. यातलं काहीच जमलं नाही तरी जेसपचे जुने प्रॉब्लेम फुकट मिळतात, एक घे आणि घरी बसून मेमोरियल लिही, कोणी मार्क देणार नाही पण हात बसतो.

आता इंटर्नशिपचं गणित. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे करायचेच आहेत, आणि वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. म्हणजे शिकत असताना भारतातल्याच जागा बघ आणि परदेशातल्या तीन-तीन महिन्यांच्या शेवटच्या परीक्षेनंतर. मी तुझ्या जागी असते तर एक महिना जिल्हा कोर्टात कोणा चांगल्या दिवाणी वकिलाकडे काढला असता. हो, दिवाणीच, प्लीडिंग कसं लिहितात ते कळल्याशिवाय बाकी सगळं हवेत असतं, तिथे तुझे सर पूर्ण बरोबर आहेत. दुसरा महिना मुंबईत शिपिंगच्या ऑफिसात, हायकोर्टात जहाज-अटकेचे अर्ज कसे तातडीने चालतात ते एकदा डोळ्यांनी बघ, संध्याकाळपर्यंत जहाज सुटलं की गेलं. (आपली रत्नागिरी-सिंधुदुर्गची मॅटर आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, पण अ‍ॅडमिरल्टी शिकायला मुंबईच गाठ.) तिसरा दिल्लीत.

दिल्लीत काय काय आहे ते भराभर सांगते. सुप्रीम कोर्टासमोर इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ, १९५९ ची संस्था, त्यांची लायब्ररी आणि डिप्लोमे. आल्को, म्हणजे आशिया-आफ्रिकेतल्या देशांची कायदाविषयक सल्लागार संघटना, १९५६ पासूनची, तिचं मुख्यालयच दिल्लीत आहे आणि तिथे इंटर्न घेतात. आंतरराष्ट्रीय संघटनेचा अनुभव आणि तिकीट मांडवी एक्सप्रेस अधिक एक गाडी, लोक हे विसरतात. परराष्ट्र खात्याच्या इंटर्नशिप असतात, त्यांचा लीगल अँड ट्रीटीज विभाग म्हणजे भारताचे करार जिथे तपासले जातात ती जागा. व्यापाराच्या कायद्यात रस असेल तर आयआयएफटीतलं सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ. आर्बिट्रेशनसाठी दिल्लीला जायला नको, मुंबईत एमसीआयए हे लवादाचं केंद्र आहे.

व्यापाराचं म्हटलं तर तुला आंब्याचं माहीत असेल. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला, फळमाशी सापडली म्हणून, ऐन सीझनमध्ये, बागायतदारांची काय अवस्था झाली ते घराघरात बोललं जात होतं, २०१५ च्या सुरुवातीला उठवलं. हे डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) एसपीएस करारात, म्हणजे अन्नसुरक्षा आणि रोग-किडींबद्दलच्या करारात, येतं, बंदी घालायची तर शास्त्रीय पुरावा आणि धोक्याचं मूल्यमापन लागतं. तेव्हा लोकांनी युरोपला शिव्या घातल्या, पण कोणी बसून लिहिलं नाही की अमुक कलमाखाली ही बंदी टिकते की नाही. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पण तो भारतात. बाहेर डब्ल्यूटीओच्या बौद्धिक संपदेच्या ट्रिप्स करारात वाईन आणि दारूला कलम २३ चं कडक संरक्षण आणि आंब्याला कलम २२ चं ढिलं, जिथे लोकांची दिशाभूल झाली हे आपण दाखवायचं. वाशी मार्केटात मलावीचा हापूस येतो तेव्हा हाच प्रश्न घरातही येतो. रत्नागिरीच्या मुलीने यावर लेख लिहिला तर एडिटर वाचेल, कारण पॅकहाऊसमध्ये काय होतं ते तू जाऊन बघू शकतेस, बाकीचे नाही.

मासेमारीचंही तसंच. डब्ल्यूटीओचा मच्छीमारी सबसिडीचा करार २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला, आणि आपल्याकडे डिझेलवरच्या सवलतीवर बोटी चालतात. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, हे माहीत नाही आणि करार करणाऱ्याला तांडेल माहीत नाही. पालघरकडचे मच्छीमार पाकिस्तानच्या जेलमध्ये जातात, तर समुद्र कायद्याच्या कन्व्हेन्शनचं कलम ७३ म्हणतं की ईईझेडमधल्या मासेमारीच्या गुन्ह्याला दोन देशांत तसा करार असल्याशिवाय कैद देता येत नाही. मग जेल कसं? घुसखोरीच्या कायद्याखाली की हद्दीच्या आतले म्हणून? आणि दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात ते २००८ च्या करारामुळे. एन्रिका लेक्सीचं प्रकरण पण वाच, २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे दोन मच्छीमारांना इटालियन नौसैनिकांनी गोळ्या घातल्या ते. एकच घटना केरळ हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, हॅम्बर्गचं समुद्र कायद्याचं न्यायाधिकरण आणि हेगचं आर्बिट्रेशन असं सगळीकडे फिरून २०२० मध्ये अ‍ॅवॉर्ड आला, एवढं एकत्र दुसऱ्या कुठल्या केसमध्ये शिकायला मिळत नाही.

हॅम्बर्गचं नाव आलं, तर परदेशात तुझ्यासाठी माझी पहिली पसंती तीच, इटलॉस. समुद्राचंच कोर्ट आहे, तीन महिन्यांची इंटर्नशिप असते, गर्दी हेगपेक्षा कमी, आणि आपल्या नीरू चढ्ढा तिथे २०१७ मध्ये न्यायाधीश झाल्या, भारतातून तिथे गेलेली पहिली बाई. आयसीजेची ज्युडिशियल फेलोशिप मात्र तू स्वतः अर्ज करून मिळत नाही, विद्यापीठाने नाव पाठवायचं असतं आणि खर्चही त्यांनी करायचा, अलीकडे विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी ट्रस्ट फंड झालाय पण नाव पाठवायचं काम विद्यापीठाचंच. ते सगळं एलएलएम नंतरचं धर. युएनच्या इंटर्नशिपला पगार नसतो, जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये तीन महिने स्वतःच्या खर्चाने राहायचं, घरची जमीन गहाण टाकून जाण्यासारखं त्यात काही नाही, स्पष्ट सांगते. त्यापेक्षा हेग अ‍ॅकॅडमीचे उन्हाळी कोर्स तीन-तीन आठवड्यांचे असतात, पीस पॅलेसमध्ये, १९२३ पासून, आणि त्याला स्कॉलरशिप असतात. पासपोर्ट आत्ताच काढून ठेव, एकीची निवड झाली होती आणि जन्मदाखल्यात आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून सगळं गेलं.

फुकटातलं सगळ्यात चांगलं म्हणजे युएनची ऑडिओव्हिज्युअल लायब्ररी ऑफ इंटरनॅशनल लॉ, मोठमोठ्या न्यायाधीशांची आणि प्रोफेसरांची लेक्चर्स, लॉगिन नाही काही नाही. रेंज असली म्हणजे झालं. आणि कोणी पाच हजार घेऊन "इंटरनॅशनल लॉ व्हर्च्युअल इंटर्नशिप विथ सर्टिफिकेट" देत असेल तर त्याच्या नादाला लागू नको, अशी सर्टिफिकेटं माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या सीव्हीत असतात, मी तो भाग वाचतही नाही.

प्रायव्हेट इंटरनॅशनल लॉ कडे, म्हणजे दोन देशांत अडकलेल्या माणसांच्या खाजगी वादांच्या कायद्याकडे, मुलं दुर्लक्ष करतात, पण पोट त्यावर भरतं. खेड, दापोली, चिपळूणची किती घरं दुबई-कुवेतवर चालतात. १७ जानेवारी २०२० ला युएई आपल्या दिवाणी संहितेच्या कलम ४४अ खाली आलं, म्हणजे दुबईच्या कोर्टाची पैशाची डिक्री आता थेट इथल्या जिल्हा कोर्टात अंमलबजावणीला येते. तिकडे कर्ज बुडवून गावी येऊन बसलेल्यांची झोप उडाली. नवरा तिकडे, बायको इकडे, मूल कोणाकडे, यात भारत मुलांच्या अपहरणाच्या १९८० च्या हेग कन्व्हेन्शनमध्ये नाही हे कळलं की अर्धी लढाई कळते. असा एखादा दरखास्त (डिक्रीच्या अंमलबजावणीचा) अर्ज जिल्हा कोर्टात चालू असेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या मागे फाईल धरून उभी राहा, ती पण इंटरनॅशनल लॉ चीच इंटर्नशिप आहे, नुसतं तसं कोणी म्हणत नाही.

अर्ज कसा करायचा तर लांबण लावू नको. तीन ओळींत तू कोण, एका ओळीत कुठल्या तारखा, आणि सोबत ती दोन पानांची नोट. नोट मिऱ्याच्या जहाजावर असली तरी चालेल.

आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, तांडेल घरी, बोलायला त्यांना वेळ असतो आणि मलाही कोर्टाच्या सुट्टीत जरा उसंत असते. तेव्हा ऑफिसला ये. येताना वडिलांची जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, घेऊन ये, त्यात प्रत्येक जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि बंदरांचे शिक्के असतील. एकेक शिक्का घेऊन बसू, त्या जहाजाचा झेंडा कुठला होता आणि तेव्हा पगार थकला असता तर वडिलांनी कुठे जायचं होतं, ते तू मला सांगायचं. आणि वडिलांनाही आण जमलं तर, मधल्या गाळलेल्या गोष्टी ते सांगतील.